अडलं म्हणजे पोचलं

आमच्या साडूंच्या विमानाची चाकं पंखातून बाहेर आली की नाही, हे मान वर करून बघायचं आणि ओरडून सांगायचं, हे माझं रविवार सकाळचं काम. चाकं आली, तर विमान उतरवलं साडूंनी, नाही आली, तर “तुम्ही बघत काय होतात?” माझ्या नजरेबद्दल म्हणाल, तर चष्म्याला दोन भाग आहेत. वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून जवळचं, आणि विमान नेमकं दोन्हींच्या मधल्या रेघेवर उडतं. हे मी नेमणुकीच्या वेळीच स्पष्ट सांगितलं होतं. साडू म्हणाले, “अहो, आली की नाही एवढंच सांगायचंय. परीक्षण लिहायचं नाहीये.”

विमान म्हणजे पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम सव्वा मीटरचं, थर्मोकोलच्या जवळच्या नात्यातल्या फोमचं, रेडिओवर उडणारं स्पिटफायर. अंगावर भारतीय हवाई दलाची तिरंगी चक्रं. कारण आपल्या हवाई दलाकडे स्पिटफायर होती आणि १९४७-४८मध्ये काश्मीरच्या लढाईत ती लढलीही. ही माहिती साडू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला देतात. माळावर शेळ्या चारणाऱ्या आजोबांनाही त्यांनी ती सविस्तर दिली. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ॲव्हरेज किती देतंय?”

उडवायला आम्ही सासवडच्या पलीकडे जातो. पुण्यात लोहगावला हवाई दलाची खरी विमानं असतात. त्यांना साडूंची स्पर्धा परवडण्यासारखी नाही. पुरंदरला मोठा विमानतळ होणार, होणार म्हणून वर्षानुवर्षं गाजतंय. तो होईल तेव्हा होईल, आमची धावपट्टी मात्र चालू आहे. पीक निघालं की रुंद, पेरणी झाली की अरुंद.

याआधी साडूंकडे एक शिकाऊ विमान होतं. पोटाखाली वाकवलेली जाड तार आणि तारेच्या दोन टोकांना दोन चाकं. ती चाकं कायम खालीच असायची. घरातून निघताना खाली, हवेत खाली, उतरताना खाली, माळ्यावर ठेवलं तरी खाली. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच, आणि तिथेच साडूंचं मन त्यावरून उडालं. माणसाला सुखाची गोष्ट मिळाली की तो तिला चार हलणारे भाग कसे बसवता येतील, हेच बघत बसतो.

“पण चाकं आत घ्यायचीच कशाला?” मी एकदा विचारलं.

“हवेचा विरोध!” साडू म्हणाले. “वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. चाकं बाहेर लोंबत असली की विमान मार खातं.”

“म्हणजे आत घेतली की वेग वाढतो?”

“वाढतो की!”

“वाढून जायचं कुठे?”

साडूंनी थोडा विचार केला. “मैदानाच्या त्या टोकाला.”

“आणि तिथून?”

“परत.”

खरं कारण मला हळूहळू कळलं. विमान उडालं, जमिनीपासून पुरुषभर वर आलं, की साडू रेडिओवरचा एक स्विच खटकन वर करतात. दोन्ही पाय सावकाश बाहेरच्या बाजूला दुमडत पंखात शिरतात आणि साडू विमानाकडे न बघता आमच्याकडे बघतात. तेवढ्या दोन-तीन सेकंदांसाठी हा सगळा खटाटोप. कुणी “वा!” म्हटलं नाही, तर चाकं पुन्हा बाहेर काढून पुन्हा आत घेतली जातात.

चाकं आत न घेताही उडता येतं, याचा पुरावा मी मोठ्या आशेने शोधून आणला होता. ५ मार्च १९३६ रोजी इंग्लंडमध्ये ईस्टलीच्या विमानतळावरून स्पिटफायर पहिल्यांदा उडालं, तेव्हा चालक समर्स यांनी चाकं आत घेतलीच नव्हती. साडूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते पहिलं उड्डाण होतं. आपलं पहिलं कधीच झालं.” वर मलाच इतिहास ऐकवला. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये चाकं आत घ्यायला हाताने पंप मारावा लागायचा. एका हाताने पंप हाणताना दांडीवरचा दुसरा हातही हलायचा आणि विमान उड्डाणानंतर हेलकावे खात वर जायचं. रशियन आय-१६मध्ये तर हँडल होतं आणि त्याचे ४४ वेढे द्यावे लागायचे. अमेरिकी वाइल्डकॅटचंही तेच, तिथे तीसएक वेढे. शत्रू समोर आणि चालक रहाट ओढतोय! “आणि आपल्याला?” साडू विजयी मुद्रेने म्हणाले. “एक बोट.”

त्या बोटाच्या पलीकडे काय असतं, ते साडूंनी एकदा जेवणाच्या टेबलावर उघडून दाखवलं. मेव्हणीने पोह्यांची ताटली आणली होती, ती साडूंनी बाजूला सारली. मी ती पुन्हा जवळ ओढली. काडेपेटीहून जरा मोठी अशी एक डबी, प्रत्येक पायाला एक. आत नखाएवढी मोटर, तिच्या पुढे चिमुकली दातेरी चक्रं, त्यांच्या पुढे आटे पाडलेला बारीक दांडा. दांडा फिरला की त्याच्यावरचा नट पुढे-मागे सरकतो. नटाला खुंटी, ती पायाच्या बुंध्यातल्या खाचेत अडकलेली. नट या टोकाला गेला की पाय उभा, त्या टोकाला गेला की आडवा. गंमत अशी, की मोटरने दांडा फिरवला तर पाय हलतो, पण पाय धरून कितीही ढकला, दांडा फिरत नाही. म्हणून वेगळं कुलूप लागत नाही. पूर्वी हे काम सर्व्हो नावाची मोटर करायची, ती तारा आणि कड्यांनी पाय ओढायची. त्या तारा जुळवताना किती संसार मोडकळीला आले, हे मैदानावरचे जुने लोक सांगतात.

“आणि हुकूम कसा मिळतो?” मी पोह्यांतून डोकं वर काढून विचारलं.

“रिसीव्हरमधून सेकंदाला पन्नासेक वेळा एक ठोका येतो. साधारण एक मिलिसेकंदाचा असला तर आत, दोनचा असला तर बाहेर. कुणी उलटंही लावतं.”

“अर्धवट?”

“अर्धवट काही नाही. आत किंवा बाहेर.”

“मग पाय पूर्ण बाहेर आला, हे डबीला कळतं कसं?”

इथे साडूंचा आवाज भक्तिभावाने खाली आला. काही डब्यांमध्ये टोकाला इवलाले स्विच असतात, ते दाबले गेले की मोटर थांबते. साडूंच्या डबीत मात्र तसलं काही नाही. पाय कुठे आहे, किती वळलाय, हे तिला माहीतच नसतं. ती फक्त वीज मोजते. नट टोकाला जाऊन टेकला की मोटर अडते, अडली की जास्त वीज ओढते, वीज वाढली की डबी समजते, आपण पोचलो. लगेच मोटर बंद, काम फत्ते.

“आणि मध्येच काही अडलं तर?”

“तरी पोचलो असंच समजते.”

“गवताची काडी अडकली तर?”

“पोचलो.”

“पाय वाकला आणि चाक खाचेच्या कडेला घासलं तर?”

“पोचलो म्हणजे पोचलो! सुटी!”

मला त्या डबीबद्दल एकदम आपुलकी वाटली. माझं गणित दहावीत असंच पोचलं होतं.

यानंतर जे प्रसंग घडले, त्यांत डबीचा दोष शून्य. ती कधीच खोटं बोलली नाही. पहिला प्रसंग त्याच टेबलावर घडला. डब्या बसवून झाल्या, साडूंनी रेडिओ चालू केला, विमानाला बॅटरी जोडली. रेडिओवरचा स्विच वर होता, म्हणजे ‘आत’. विमानाने अत्यंत आज्ञाधारकपणे दोन्ही पाय पंखात घेतले आणि ते चटणीच्या वाटीवर पोट टेकून बसलं. काही नव्या डब्या म्हणे स्विच एकदा खाली-वर केल्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. ही माहिती आम्हाला वाटी पुसताना मिळाली. मेव्हणी म्हणाली, “खोबऱ्याची होती ती.” स्पिटफायरच्या पोटावर तो डाग अजून आहे. साडू त्याला तेलगळती म्हणतात. खऱ्या विमानांनाही असायची.

‘खऱ्यालाही असंच असतं’ या अर्थाचं या छंदात एक पवित्र वाक्य आहे, “स्केल आहे.” दोन पाय कधीच एकदम हलत नाहीत. मोटरी सारख्या असल्या तरी एक जरा चपळ, दुसरी जरा आळशी. डावा पाय आत गेला तरी उजवा अजून विचारात. मी हे दाखवलं, तर साडू म्हणाले, “खऱ्या विमानातही एक पाय पुढे, एक मागेच जायचा. स्केल आहे.” चाकं बसतात त्या खाचांवर झाकणं असतात. मोठ्या हौशी विमानांत त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा: आधी झाकण उघडणार, मग पाय येणार, मग झाकण मिटणार. आमच्या मैदानावरच्या एका मस्टँगवाल्याने ते सगळं करून घेतलंय. खऱ्या मस्टँगचं इंजिन बंद झालं की हायड्रॉलिकचा दाब उतरायचा आणि आतली झाकणं आपोआप लोंबू लागायची. तर हा गृहस्थ विमान उतरलं की रेडिओवरून झाकणं हळूहळू लोंबवतो. बिघाडाची इतकी निगुतीने नक्कल करायला फार मोठं मन लागतं. साडूंच्या स्पिटफायरला झाकणं नाहीत. सुरुवातीला होती, ती माळावरच्या कुसळी गवताने ठेवून घेतली.

मग पाय फिरण्याचं प्रकरण. पायाचा दांडा डबीत एका बारीक स्क्रूने आवळलेला असतो. हा स्क्रू घट्ट करायची किल्ली इतकी चिमुकली, की ती नेहमी घरी राहते. स्क्रू सैल झाला की चाक आपल्या मनाने तोंड वळवतं. एकदा विमान उतरलं तेव्हा उजवं चाक उत्तरेला होतं आणि डावं पश्चिमेला. विमानाने दोघांचंही मन राखलं आणि वायव्येला जाऊन ते बाभळीत शिरलं. दांड्याला कानशीने थोडी सपाट जागा करून स्क्रू तिथे टेकवायचा आणि वर आटे धरून ठेवणारं औषध लावायचं, हा उपाय मैदानावर प्रत्येकाला माहीत असतो. तो प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो.

तिथे एक निवृत्त काका येतात. ते हवेच्या काळातले. विजेच्या आधी नामांकित रिट्रॅक्ट (आत-बाहेर होणाऱ्या पायांना हेच म्हणतात) म्हणजे हवेची. विमानात बाटलीएवढी टाकी, तिच्यात पंपाने हवा भरायची, नळ्यांमधून ती पायांना ढकलायची. अमेरिकेच्या रोबार्ट कंपनीची तसली रिट्रॅक्ट त्यांनी कुणाकडून तरी मागवून घेतली होती, हे ते भारतरत्न मिळाल्यासारखं सांगतात. त्यांचं विजेच्या डबीबद्दलचं मत वाईट आहे. “आमच्या हवेचं गळायला लागलं की निदान फुस्स ऐकू यायचं,” ते म्हणतात. “ही तुमची डबी गप्प बसते आणि स्वतःवर खूश असते.”

स्पिटफायरचा मूळचाच एक स्वभाव आहे. दोन पायांतलं अंतर कमी, त्यामुळे जमिनीवर त्याची चाल नाजूक. आमचा माळ नाजूक नाही. एका रविवारी विमान उतरताना ढेकळाला अडलं, शेपूट वर आणि नाक मातीत. साडूंनी उचललं, फुंकर मारली, “काही झालं नाही,” म्हणाले. डावा पाय किंचित मागे वाकला होता. तो हाताने सरळ केला. म्हणजे साडूंना सरळ वाटेपर्यंत केला. आणि ते पुन्हा उडाले.

उतरायची वेळ झाली. स्विच खाली.

“आली का?”

मी मान वर केली. शंभर मीटरवर तो पाय उदबत्तीच्या काडीएवढा दिसतो आणि सूर्य त्याच्या बरोबर मागे येऊन थांबतो. “एक आलंय,” मी म्हटलं.

“कुठलं नाही आलं?”

“डावं.”

“कुणाचं डावं?”

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा त्याचं डावं ते आपलंही डावं. ते आपल्याकडे येऊ लागलं की त्याचं डावं आपल्या उजवीकडे. आणि मी उत्तर देईपर्यंत ते वळलेलं असतं.

“आता तुमचं. मघाशी त्याचं होतं.”

“अहो, नीट सांगा!”

“मी नीटच सांगतोय, ते वाकडं उडतंय!”

एव्हाना मैदानावरचे सगळे आपापली विमानं सोडून सल्ले द्यायला जमले होते. संकटात माणूस एकटा पडतो, असं म्हणणाऱ्याने रेडिओवरचं विमान उडवलेलं नसावं. काका म्हणाले, “जोरात वर खेचा, झटक्याने पाय पडेल.” हा हवेच्या आणि स्प्रिंगच्या काळातला सल्ला, आट्यांच्या दांड्याला झटक्याचं फारसं काही वाटत नाही. साडूंनी तरी खेचलं. विमान मोठ्या डौलाने उलटं होऊन आलं. सगळे “वा!” म्हणाले. पाय होता तिथेच होता, कारण डबीच्या मते तो केव्हाच पोचला होता. मस्टँगवाला म्हणाला, “स्विच खाली-वर करत राहा.” हा सल्ला बरोबर होता. आत जा म्हटलं की डबी उलटी फिरते, बाहेर ये म्हटलं की नव्याने प्रयत्न करते. पण नव्या प्रयत्नात ती जुन्याच ठिकाणी अडते आणि नव्या उमेदीने पोचते.

“एक पाय फार वाईट,” काका म्हणाले. “त्यापेक्षा दोन्ही आत घ्या आणि गवतात पोटावर उतरवा. फोमचं आहे, घसरेल आणि थांबेल.” त्यांनी दिवसभरात बोललेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य. साडूंनी ते मानलं, स्विच वर केला. तेवढ्यात रेडिओ पिकपिक करू लागला, म्हणजे बॅटरी संपत आली. आणि माणसाचं मन बघा: पोटावर उतरायचं ठरलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, तरी साडूंनी शेवटचा एकदा म्हणून, कुणालाही न सांगता, स्विच पुन्हा खाली केला.

मी त्याच क्षणी वर बघितलं. दोन्ही पंख स्वच्छ. कर्तव्यबुद्धीने मी छातीतून ओरडलो, “दोन्ही आत!”

साडूंना ऐकू आलं, “दोन्ही आलीत!”

माझं काम झालं होतं. मी मान खाली घेतली, चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला लागलो. वर उजव्या पायाची डबी आपली दोन-तीन सेकंदं घेऊन उजवा पाय बाहेर काढत होती. डाव्या पायाची डबी वाटेतच अडून कृतार्थ झाली होती. साडू निश्चिंत मनाने गवत सोडून कडक धावपट्टीकडे वळले. विमान अप्रतिम उतरलं. इतकं हलक्या पायाने ते आजवर कधी उतरलं नव्हतं. पाय एकच होता, एवढंच. क्षणभर ते त्या एका चाकावर ऐटीत धावलं, मग डावा पंख टेकला, स्वतःभोवती एक गोल फिरलं, पंख्याचं एक पातं उडालं आणि ते आमच्याकडे तोंड करून बसलं.

शेळ्यांवाले आजोबा सगळ्यांच्या आधी बोलले. “एका पायावर बी उतरतंय की वो!”

साडूंनी विमान उचललं, वैतागून स्विच एकदा वर, एकदा खाली केला. दोन्ही पाय आत गेले, दोन्ही पाय बाहेर आले. सुरेख, सावकाश, एकत्र. बाहेर येऊन ते आमच्याकडे असे बघत राहिले, जणू प्रश्न कुणाला होता?

चहाच्या टपरीवर चौकशी समिती बसली. काकांनी विजेला दोषी ठरवलं, मस्टँगवाल्याने वाऱ्याला, मी ‘आत’ या शब्दाला. यापुढे मैदानावर ‘आत’ म्हणायचं नाही, ‘बंद’ म्हणायचं, असा ठराव झाला. साडू बराच वेळ गप्प होते. मग कटिंग संपवून म्हणाले, “लढाईतून परतलेली खरी स्पिटफायरही कधी कधी अशीच उतरायची. स्केल आहे.”

आता एवढं झाल्यावर माणूस तारेच्या पायांचं जुनं विमान माळ्यावरून काढेल, असं मेव्हणीला वाटलं होतं. माझ्या बायकोलाही वाटलं होतं. साडूंनी जेट आणलं. जेटला पाय तीन. पुढचा पाय पुढच्या बाजूला दुमडतो, त्यामागे मोठं डोकं आहे म्हणे: बाहेर येताना समोरचं वारंच त्याला मागे ढकलून जागेवर बसवतं. आत जाताना मात्र त्याच वाऱ्याशी भांडावं लागतं, म्हणून वेग वाढायच्या आधी घ्यायचा. शिवाय तो डावी-उजवीकडे वळतोही, म्हणून त्याला आणखी एक सर्व्हो. हलणाऱ्या भागांची यादी सांगताना साडूंचे डोळे भरून आले होते.

“चाकं तीन झाली,” ते मला म्हणाले. “तुमच्या एकट्याच्या चष्म्याला झेपायचं नाही. मागची दोन तुम्ही बघा. पुढच्याला तरुण डोळे हवेत.”

तरुण डोळे शेजारच्या नववीतल्या पोराकडे होते. पोरगं व्यवहारी निघालं. “काका, रविवारी सकाळी उठायचं म्हणजे सासवडला मिसळ लागेल,” ते म्हणालं. साडूंनी तत्काळ मिसळ मान्य केली, वर ताकही देऊ म्हणाले.

मी म्हटलं, “अहो, मी इतके रविवार येतोय, मला कधी मिसळ विचारली नाहीत!”

साडूंनी जेटवरून मायेने हात फिरवत म्हटलं, “मिसळ पुढच्या चाकाला. मागच्यांना चहाच.”